मामाचं पोर्ट हॅलम

ज्या माणसाला आपण मनातून कवडीची किंमत देत नाही त्याच्याच घरी रोज दोन वेळा जेवायला बसावं लागणं, ही शिक्षा मी दोन वर्षं भोगली. माणूस म्हणजे माझा सख्खा मामा, आईचा मोठा भाऊ, प्रल्हाद. घर अकोल्याला, जठारपेठेच्या मागच्या अंगाला: दोन खोल्या, एक ओसरी आणि मागे न्हाणी. दर्यापूरजवळच्या आमच्या खेड्यात दहावीच्या पुढे शिकायची सोय नव्हती, म्हणून बाबांनी एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि मला जीपमध्ये घातलं, मामाच्या दारात उतरवलं आणि चहासुद्धा न घेता परतीची जीप धरली. मामासमोर बसायची बाबांना हौस नव्हती. का नव्हती ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्या कारणाचं नाव पोर्ट हॅलम.

मामा जिनात फोरमन होता. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, आणि त्या काळी अकोल्यात ते इतके होते की हिवाळ्यात हवेतून रुई उडत यायची आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. त्याच्या मालकानं परदेशी यंत्र मागवलं आणि ते चालवायला शिकून यायला मामाला दहा महिने ऑस्ट्रेलियात धाडलं. मी राहायला गेले तेव्हा या गोष्टीला सहा वर्षं होऊन गेली होती, पण त्या घरात मामा कालच विमानातून उतरल्यासारखा वागत होता. चहा पिताना तो म्हणायचा, 'तिकडं असा चहा नाही.' ऊन पडलं की म्हणायचा, 'तिकडं असं ऊन नाही.' मोर्णा नदीच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावायचा. अख्ख्या जठारपेठेत साता समुद्रापलीकडे जाऊन आलेला तो एकटाच होता, आणि वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात तसं लोकही त्याला मान द्यायचे. जिनाच्या तेलानं काळी झालेली नखं घेऊन तो त्या मानात असा बसायचा की मला त्याच्या पुढ्यातलं ताट उचलून न्यावंसं वाटे.

घरात एक चामडी बॅग होती, पितळी कडीची. रविवारी दुपारी कोणी आलं की मामा ती पलंगाखालून ओढायचा. कडीचा टक असा आवाज आला की मामी, म्हणजे मालतीमामी, काही न विचारता पोहे भिजवायला घ्यायची. हा आवाज मी त्या दोन वर्षांत इतके वेळा ऐकला की आजही कुठे बॅगेची कडी वाजली की मला कांदा चिरायला हवा असं वाटतं. पोहे, वर सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि बाजूला झणझणीत तर्री. मामीच्या हातचे पोहे खाण्यासाठी लोक पोर्ट हॅलम ऐकून घ्यायचे, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. मामाला मात्र वाटायचं की पोहे हे आपल्या व्याख्यानावरचं लोणचं आहे.

बॅगेतून निघायची ती आठ-नऊ पोस्टकार्डं आणि घडीचं एक पत्रक. पोर्ट हॅलम नावाच्या समुद्रकाठच्या गावात काय काय पाहावं आणि काय काय करावं, ते त्या पत्रकात इंग्रजीत छापलेलं होतं. मामा एकेक कार्ड काढायचा आणि पाहुण्यापुढे धरायचा.

"काठाले धरा. बोटं लावू नोका, तेलकट होते."

मग पाहुणा एखाद्या नवजात पोराला घ्यावं तसं ते कार्ड दोन तळहातांत घ्यायचा.

"हा पूल. सारा लाकडाचा. पार समुद्रात घुसला. आमी रोज संध्याकाई याच्यावर फिराले जात जाओ. हा दीपस्तंभ. पायऱ्या मोजता मोजता दम लागते, पण वरतून पाह्यलं का माणूस हरपते. हे पेंग्विन. अंधार पडला का पाण्यातून निंगते अन् लायनीत आपापल्या घरी जाते. आपल्या लोकाईपेक्षा शिस्त हाय त्याईले."

"आन् हे काय, भाऊ? एवढा मोठा झिंगा?"

"घराएवढा हाय. सिमेंटचा. रस्त्यावर उभा केला. त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढा लागते."

"तुमचा कुठं हाय फोटो?"

"मी म्हटलं, दुसऱ्याईले काढू द्या."

आणि लोक हसायचे. काय मोठा मनाचा माणूस! मी दाराशी उभी राहून हे ऐकायची आणि दात-ओठ खायची. पुढे अकरावीत माझं इंग्रजी जरा बरं झालं तेव्हा मी ते पत्रक चोरून वाचलं आणि माझा तिरस्कार पक्का झाला. मामा जे सांगायचा ते त्या पत्रकातल्याच क्रमानं होतं. आधी पूल, मग दीपस्तंभ, मग पेंग्विन, मग झिंगा, मग कड्यावर उभं राहून देवमासे पाहायची जागा, मग कागदात गुंडाळून मिळणारी तळलेली मासळी आणि बटाटे. मासळी मामानं जन्मात खाल्ली नव्हती. पण तिची चव सांगताना तो डोळे मिटायचा.

इथे मला थांबून सांगितलं पाहिजे की पोर्ट हॅलम नावाचं गाव खरोखर आहे. मी ते पाहिलं. माझा मुलगा पराग तिकडे नोकरीला आहे, आणि गेल्या वर्षी मी त्याच्याकडे गेले तेव्हा त्यानं विचारलं, "आई, कुठे जायचं तुला?" मी म्हटलं, पोर्ट हॅलम. त्यानं मोबाइलवर यादी काढली. पाहण्यासारखं आणि करण्यासारखं. चाळीस-बेचाळीस वर्षांनंतर तीच यादी, त्याच क्रमानं, फक्त आता प्रत्येक गोष्टीपुढे लोकांनी दिलेले तारे. मामाचा पूल म्हणजे होड्यांचा लाकडी धक्का, तो आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी माणसं चालत टोकापर्यंत जातात, टोकाला काही नसतं, म्हणून परत येतात. देवमाशांच्या कड्यावर आम्ही दोन तास वाऱ्यात कुडकुडत उभे राहिलो. देवमासा कसा ओळखावा हे सांगणारा फलक होता, देवमासा नव्हता. पेंग्विनसाठी तिकीट काढून सिमेंटच्या पायऱ्यांवर ओळीनं बसवतात, बोलू नका, फोटो काढू नका म्हणून लाउडस्पीकरवर दटावतात, आणि मग कोंबडीएवढी दहा-बारा पाखरं पाण्यातून निघून, माणसांकडे ढुंकूनही न पाहता, झुडपात जातात. मला ती पाखरं आवडली. त्या गावात आमच्याकडे तुच्छतेनं पाहण्याचा अधिकार मिळवलेली तेवढीच होती. बाकी अख्खं गाव म्हणजे देव नसलेली यात्रा. आईस्क्रीम, टोप्या, झिंग्याच्या आकाराच्या किल्ल्यांच्या कड्या, आणि सिमेंटच्या झिंग्यापुढे फोटोसाठी रांग. मीही रांगेत उभी राहिले. पराग म्हणाला, हस. मी हसले.

पण अकोल्याच्या त्या दोन खोल्यांत पोर्ट हॅलमपेक्षा मोठं काही नव्हतं, आणि त्याची किंमत मामी मोजत होती. मामी तेल्हाऱ्याची. तिनं जन्मात एक गोष्ट मागितली होती, समुद्र पाहायचा. लग्न झाल्यावर मागितली, मामा म्हणाला पाहू. तो ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा मागितली, तो म्हणाला आल्यावर दाखवतो. आल्यावर तो म्हणाला, त्या समुद्रानंतर आपल्याकडचे समुद्र नजरेत भरत नाहीत. एवढं म्हणून त्यानं तो विषय बंद केला, आणि तिच्यासाठी आठ-नऊ कार्डं उघडी ठेवली. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामाचं जग जिनात, मामीचं स्वयंपाकघरात, आणि मधल्या पडद्यातून पोर्ट हॅलम.

एकदा भाकरी थापताना तिनं मला सांगितलं, "मले त्यातलं काई पाहाचं नाही बापा. पूल नोको, पेंग्विन नोको. नुसते पाय भिजवाचे आहेत एकडाव."

आणि एकदा, पाहुणे बसलेले असताना, तिनं पडद्याआडून विचारलं होतं, "आवाज कसा असते हो त्याचा?"

"कायचा?"

"समुद्राचा."

मामानं हातातलं कार्ड बॅगेत ठेवलं होतं. मग म्हणाला, "पाण्याचा असते तसाच. तू पोह्याइकडं पाह्य."

त्या कार्डांत एक कार्ड असं होतं की त्यात पाणी जवळजवळ नव्हतंच. तोच लाकडी धक्का, पण त्याचे खांब उघडे, खाली ओला चिखल आणि चिखलात आडव्या पडलेल्या होड्या. हे कार्ड आलं की मामा आवाज जरा खाली आणून, जाणत्या शेतकऱ्यासारखा सांगायचा, "हा उन्हाळ्यातला फोटो हाय. मे महिन्यात पाणी आटते ना. मंग पावसाळ्यात भरते पुन्हा. मी सोता पायी चालत गेलो त्या खांबापर्यंत."

सहा वर्षांत या वाक्याला एकाही माणसानं हरकत घेतली नव्हती. कोण घेणार? आमची मोर्णा मे महिन्यात आटते, पूर्णा आटते, गावचा तलाव आटतो, विहिरी तळ दाखवतात. पाणी म्हटलं की ते मे महिन्यात आटणार, हे आम्हांला आईच्या दुधातून मिळालेलं ज्ञान. मी स्वतः अकरावीच्या निबंधात लिहिलं होतं की उन्हाळ्यात समुद्राचं पाणी आटून कोळी बांधवांचे फार हाल होतात. मूर्तिजापूरहून येणाऱ्या आमच्या सरांनी त्या वाक्याखाली लाल शाईनं 'छान' लिहिलं. आज त्या 'छान'ची आठवण झाली की मला त्या सरांची, माझी आणि सगळ्या वऱ्हाडाची कीव येते. आणि दुसरं म्हणजे, तिकडे मे महिन्यात थंडी असते. मी मे महिन्यातच गेले होते, आणि परागचा स्वेटर घालून हिंडले. दहा महिने राहिलेल्या माणसाला हे माहीत होतंच. पण समोर अकोल्याचे लोक बसलेले, आणि त्यांना पटेल असा उन्हाळा हवा होता. मामानं तो पुरवला.

मग आमच्या गल्लीत साळवीबाई राहायला आल्या. नवरा बँकेत, बदली होऊन आलेला, आणि बाई रत्नागिरीकडच्या. उंच, मोठ्यानं हसणाऱ्या, नाकात बोलणाऱ्या. महिनाभरात त्यांनी गल्लीतल्या बायकांची कोकणची सहल ठरवली. बस ठरली, आठ दिवस ठरले, रविवारी संध्याकाळपर्यंत नावं द्यायची होती. मामीनं गुरुवारी मामाला विचारलं. मी शेजारी बसून वरणभात खात होते, म्हणून मला शब्दन् शब्द आठवतो.

"साळवीताई नेऊन राह्यल्या साऱ्याईले. मी जाऊ काय?"

"कायले? डबकं पाहाले?"

"समुद्र हाय तो."

"मी पाह्यला तो समुद्र. शंभर डाव सांगतला तुले. आता काय राह्यलं पाहाचं?"

मामीनं माझ्या ताटात आणखी भात वाढला, मी नको म्हणत असताना वाढला. मला त्या क्षणी मामाचा फार राग आला. आज मला कळतं की तो इतकी वर्षं नाही का म्हणत होता. तिच्याबरोबर किनाऱ्यावर गेला असता तर त्यानं स्वतः पहिल्यांदाच समुद्र पाहिला असता, आणि ते त्याच्या तोंडावर दिसलं असतं. दहा वर्षांच्या पोरासारखं तोंड उघडं पडलं असतं त्याचं, बायकोसमोर. आणि ती बायकांबरोबर जाऊन आली असती तर त्याच्याहून जाणती झाली असती. त्यापेक्षा तिनं जाऊच नये, हे त्याला सोपं वाटलं. कळतं म्हणून मी माफ करते असं मात्र कोणी समजू नये.

नुसतं नाही म्हणून थांबला असता तरी निभावलं असतं. पण हात दाखवून अवलक्षण करणं हा आमच्या आजोळचा जुना धर्म. शनिवारी मामा म्हणाला, "बोलाव त्या बायाईले उद्या. साळवीबाईलेही. त्याईले दाखवतो खरा समुद्र काय असते. मंग पाहू कोन जाते."

रविवारी दुपारी ओसरीत सतरंजी पडली. सात-आठ बायका आल्या. कडी वाजली, आत कांदा पडला. मामानं त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पूल झाला, दीपस्तंभ झाला, पेंग्विनची शिस्त झाली. साळवीबाई कार्ड हातात घेऊन चांगलं म्हणत होत्या, मनापासून म्हणत होत्या, त्यांच्यात खोट नव्हती. आणि मग ते चिखलाचं कार्ड आलं.

"हा उन्हाळ्यातला हाय," मामा म्हणाला. "मे महिन्यात पाणी आटते. मी सोता पायी गेलो खांबापर्यंत."

सगळ्या बायकांनी माना हलवल्या. साळवीबाईंना वाटलं, भाऊ गंमत करताहेत. त्या खळखळून हसल्या. मग कोणीच हसत नाही हे पाहून थांबल्या.

"अहो भाऊ, पाणी आटलेलं नाहीये. ओहोटी आहे ती."

"म्हंजे?"

"म्हणजे पाणी मागे गेलंय. सहा तासांनी परत येतं. रोज दोनदा जातं, दोनदा येतं. आमच्याकडे शेंबडं पोरही वेळ सांगतं त्याची."

"तुमच्याकडं येत असन," मामा म्हणाला. "तिकडचा समुद्र अलग हाय."

"समुद्र सगळा एकच की हो, भाऊ."

त्या हे भांडायला म्हणाल्या नाहीत. पण ओसरीतल्या सगळ्या बायकांचे डोळे मामाकडे वळले. मला काय वाटलं ते सांगते, लपवत नाही. मला आनंद झाला. दोन वर्षं मी ज्या घटकेची वाट पाहत होते ती आली होती, आणि मी मामाच्या कपाळावरचा घाम मोजत होते.

पडदा सरकला. मामी पोह्यांची परात घेऊन बाहेर आली. ती खाली ठेवली नाही, दोन्ही हातांत धरूनच उभी राहिली.

"तुमी पाह्यला ना हो समुद्र?"

"पाह्यला ना."

"जवळून?"

मामानं हातातल्या कार्डाकडे पाहिलं, जणू तिथे उत्तर लिहिलेलं होतं. मग तो हळू म्हणाला, "विमानातून दिसते. निळा असते. पांढरी किनार असते त्याले."

"मंग दहा महिने होते कुठं?"

"जिनात."

मामीनं परात सतरंजीवर ठेवली. एकेक बशी भरून प्रत्येकीच्या हातात दिली, पहिली मामाच्या हातात दिली. मग पदराला हात पुसून म्हणाली, "साळवीताई, माहं नाव लिहून घ्या." इतकं बोलून ती आत गेली आणि तर्री घेऊन आली, कारण पोहे तर्रीशिवाय खायची आमच्यात पद्धत नाही.

मामी आठ दिवस कोकणात गेली आणि मामाचा स्वयंपाक माझ्याकडे आला. मी त्याला करपलेल्या भाकरी वाढल्या. काही चुकून करपल्या, काही नाही. गल्लीतल्या पोरींमध्ये मी त्याचं नाव ओहोटीमामा ठेवलं होतं आणि ते दोन दिवसांत त्याच्या कानावर गेलं होतं. तो करपलेली भाकरी मोडून खात राहिला. चौथ्या दिवशी दुपारी जिनाला सुट्टी होती. मी पुस्तक घेऊन बसले होते आणि कडी वाजली. आता हा कोणाला दाखवणार, असं वाटून मी वर पाहिलं. मामानं कार्डं काढलीच नाहीत. बॅगेचं अस्तर एका बाजूला उसवलेलं होतं, त्यात बोटं घालून त्यानं एक फोटो काढला आणि माझ्यापुढे धरला. काठाला धर असंही म्हणाला नाही.

फोटोत मामा एका वावरात उभा होता. मागे पांढरा फुललेला कापूस, पार क्षितिजापर्यंत. त्याच्या बुटांना काळ्या मातीचे गोळे चिकटलेले. मागच्या बाजूला त्याच्या अक्षरात एका गावाचं नाव होतं, आणि ते पोर्ट हॅलम नव्हतं.

"हे खरं गाव," तो म्हणाला. "समुद्र तिथून पुऱ्या एका दिवसाच्या वाटेवर. कोन नेते? पोस्टात हे कारडं टांगले राहत, म्या घेतले. पण शालू, तू माती पाह्य. काळी. पाऊस आला का चप्पल ओढून घेते, आपल्या दर्यापूरसारखी. उन्हाळ्यात हात जाईन एवढ्या भेगा. पहिल्या दिवशी वावरात उतरलो अन् रडूच आलं मले. एवढ्या दूर येऊन मी आपल्याच वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभा आहो, असं वाटलं."

मी फोटो पाहत राहिले. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता, ते मला कळत होतं.

"सांगू काय हे तुह्या मामीले? ती आल्यावर?"

सतरा-अठरा वर्षांची पोरगी होते मी. माझ्या हातात कोणीतरी काठी दिली होती आणि समोर माणूस वाकला होता. मी म्हटलं, "नोको मामा. दर्यापूर पाहाले कोनी ऑस्ट्रेलियात जाते काय? लोकं आनखी दात काढतीन."

त्यानं मान हलवली. बरोबर बोललीस अशी हलवली. फोटो अस्तरात गेला, कडी लागली, आणि मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. मला वाटलं, काय चपराक दिली!

मामी परत आली ती नाकावरची साल निघालेली आणि जरा हसरी. गल्लीतल्या ज्या बायका गेल्या नव्हत्या त्या जमल्या आणि विचारू लागल्या, कसा असतो गं समुद्र? मामीनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "जाऊन पाहा बापा." त्यापुढे एक अक्षर नाही. तिनं एकही फोटो आणला नव्हता, शिंपला आणला नव्हता, काही नाही. त्या रात्रीच्या जेवणात भरीत होतं, भाकरी होती, आणि बऱ्याच दिवसांनी भाकर करपलेली नव्हती. मामा खाली मान घालून जेवत होता. शेवटच्या घासाला त्यानं विचारलं, "आवाज कसा होता?"

मामी भाकरी मोडत म्हणाली, "पाण्याचा असते तसाच."

मला वाटतं, त्या दोघांच्या संसारातलं शेवटचं खरं बोलणं ते. पुढे मामा वीस-बावीस वर्षं जगला. जिनं एकेक करून बंद पडली, त्याचंही पडलं. तो ओसरीत बसायचा, तिनं दिलेलं खायचा, आणि कोणी ऑस्ट्रेलियाचा विषय काढला तर उठून न्हाणीकडे जायचा. बॅगेची कडी पुन्हा वाजली नाही. पोहे आम्ही करायचो, पण ते नुसते पोहे होते. मी लग्न होऊन अमरावतीला आले आणि त्याचं नाव निघालं की हसून ओहोटीची गोष्ट सांगायची. लोकांना आवडायची. फोटोची गोष्ट मी कधीच सांगितली नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

पोर्ट हॅलम पाहून झाल्यावर मी परागला दुसऱ्या गावाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "आई, तिकडे पाहण्यासारखं काही नाहीये. यादीतच नाही ते." मी म्हटलं, म्हणूनच. दिवसभर गाडी चालवून तो कंटाळला, धुसफुसला, आणि संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा नुकता पाऊस होऊन गेला होता. कापूस वेचून झालेला. वेचणीही यंत्रानं, आणि कापसाचे हत्तीएवढे गोळे पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळून ठेवलेले. मी गाडीतून उतरले, दोन पावलं वावरात गेले, आणि मातीनं माझी डावी चप्पल ओढून घेतली. मी तिथे एका पायावर उभी राहून रडले. पराग विचारत होता, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, पाय मुरगळला.

अमरावतीला परतल्यावर घरी लोक आले. मी चहा ठेवला आणि मोबाइल काढला. धक्का दाखवला, दीपगृह दाखवलं, झिंग्यापुढे हसणारी मी दाखवली. शेजारच्या बाई म्हणाल्या, नशीब काढलंत. काळ्या मातीचा फोटो आला की मी अंगठ्यानं पटकन पुढे सरकवत होते. त्यांच्या दृष्टीनं ते आमच्या गावाबाहेरच्या नांदगाव पेठेच्या रस्त्यावरचं वावर झालं असतं, आणि एवढ्या लांब जाऊन हेच पाहिलं काय, असं त्या म्हणाल्या असत्या.

मागच्या महिन्यात अकोल्याला गेले. मामी आता ऐंशीच्या घरात आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्याच दोन खोल्यांत एकटी राहते. मी मोबाइल तिच्या हातात दिला आणि बोटानं कसं सरकवायचं ते दाखवलं. पोर्ट हॅलमचा लाकडी धक्का तिनं पाहिला आणि 'हं' म्हटलं. झिंगा तसाच पुढे सरकवला. मी पाणी आणायला आत गेले, आणि बाहेर आले तेव्हा तिचं बोट थांबलं होतं.

"हे दर्यापूर ना?"

"नाही मामी, तिकडचंच हाय. मामा राहे ते गाव."

तिनं मोबाइल डोळ्यांपाशी नेला.

"चिकटते काय?"

"चिकटते. चप्पल ओढून घेते."

तिनं विचारलं, "त्यानं हे मले काऊन नाही सांगतलं? समुद्राच्या थापा म्या कधी धरल्याच नाही मनात. ते समुद्राचं मले समजे नाही. हे तर सारं समजलं असतं."

मला म्हणता आलं असतं, मला काय माहीत. इतकी वर्षं स्वतःशी तेच म्हणत आले होते. पण मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं, "मामा सांगनार होता. तुमी कोकनात होत्या तवा. म्याच नोको म्हटलं. लोकं हसतीन म्हटलं."

मामी रागावली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मामा कार्डं मांडून बसला की त्याच्याकडे पाहायची अगदी तसं.

"मामावरच गेली तू," ती म्हणाली, आणि मोबाइल परत न देता पुन्हा त्या मातीकडे पाहू लागली.